केरूनानांची बारावी गाडी

आमच्या डोंगरावरच्या करंजांच्या पानांना गोल गोल भोकं आहेत. एकदा जीपमधून आलेल्या कुठल्याशा साहेबांनी ती पानं उन्हात धरून पाहिली, गंभीर झाले, आणि ही फार चिवट कीड आहे असं सांगून फवारणीचं औषधसुद्धा सुचवून गेले. सगळं गाव खाली मान घालून हसू दाबत होतं. कारण ती कीड साहेबांच्या शेजारीच उभी होती. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, आणि साहेबांचं म्हणणं अगदी मन लावून ऐकत होती.

हे केरूनाना. उभा जन्म एस.टी.त कंडक्टरकी केली. रिटायर होताना तिकिटाचा पंच जमा करावा लागला, तर या माणसाला करमेना. शेवटी नांदगावच्या बाजारातून एक गंजका पंच शोधून आणला तेव्हा जीव थाऱ्यावर आला. आता डोंगरावर लावलेलं रोप जगलं, नवं पान फुटलं, की नाना जाऊन त्याला एक भोक पाडणार आणि म्हणणार, "फाडलं तिकीट. आता ह्ये मधी उतरत नाय."

माझी पिठाची गिरणी नानांच्या घरासमोर. त्यामुळे हे सगळं पाहायला मला कुठं जावं लागत नाही.

आमच्या गावाचं नाव धोंडवाडी. नाव ठेवणारे पूर्वज निदान प्रामाणिक होते. नाना रिटायर होऊन आले त्या नव्वदच्या दशकात डोंगर असा बोडका, की सावली हवी असेल तर माणसानं माणसाच्या मागं उभं राहावं. गवत नाही म्हणून बैल विकले, बैल नाहीत म्हणून गाड्या मोडल्या, आणि गाड्या नाहीत म्हणून खंडोबाच्या यात्रेतल्या बारागाड्या बंद पडल्या. बारागाड्या म्हणजे बारा बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या, वर माणसं खच्चून भरायची आणि भगतानं कमरेला दोर बांधून एकट्यानं त्या ओढायच्या. देवाची शक्ती असतेच. मागून पंचवीस-तीस जण ढकलतात, ते आपले नुसते सोबतीला.

"बारागाड्या पुन्हा निघतील," नानांनी ग्रामसभेत पंच टकटक वाजवत जाहीर केलं. "पण आधी डोंगर. गवत आलं की बैल येतोय, बैल आला की गाडी येतीय." सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला आमचं गाव कधीच मागं नसतं. कुदळ धरायची म्हटली की मात्र प्रत्येकाची कंबर धरते.

पण नानांपुढं कसली कंबर! दिवस उगवला की शिट्टी. पाणी अडवायचे चर खणायला लोक डोंगरावर चढले की नाना खालून ओरडणार, "पुढं सरका, पुढं सरका, जागा हाय!" एवढ्या उघड्या माळावर माणसं एकमेकांच्या कुदळी चुकवत खणायची. कुणी बिडी प्यायला टेकलं की, "इथं स्टॉप नाय!" कुणी उशिरा आलं की, "पुढच्या गाडीनं या!" सरपंच उद्घाटनाचं भाषण करत होते, ते 'आपल्या या पावन भूमीत' इथपर्यंत आले आणि नानांनी डबल शिट्टी मारली. "येळ झाली. सुटा." सरपंच तोंड उघडं ठेवून उभे, आणि गाव मुकाट्यानं खणायला लागलेलं.

मग ठराव झाला. डोंगरावर कुऱ्हाड नाही, शेळी नाही. ठराव करायला सगळे आणि पाळायला शेजारी, ही आमची जुनी रीत. पण डोंगरावर पहिल्यांदा ज्या शेळ्या सापडल्या त्या नानांच्याच सुदामच्या निघाल्या. एकुलता एक पोरगा. दुसऱ्याच्या कांद्यात राबून, एकेक करत त्यानं त्या शेळ्या जमवलेल्या, आणि त्यावरच त्याचं सगळं पुढचं गणित. नानांनी सगळ्या गावादेखत शिट्टी मारून कळप खाली आणला. "आधी घरचं तिकीट तपासायचं, मग दुसऱ्याचं," म्हणाले. दुसऱ्याच आठवड्यात शेळ्या मालेगावच्या बाजारात गेल्या.

सुदाम माझ्या गिरणीसमोरच उभा होता. बापाला म्हणाला, "तुमच्या झाडाला जागा हाय. पोराला नाय." आणि त्याच कपड्यांवर नाशिकला गेला, अंबडला कुठल्याशा कारखान्यात.

"जाईल कुठं? येतोय परत," नाना म्हणाले आणि पंच वाजवत डोंगराकडं निघाले. घरात मालकीण आधीच देवाघरी गेलेली. आता चुलीपाशी एकटे नाना. गाव म्हणालं, "काय तत्त्वाचा माणूस!" दुसऱ्याच्या घरच्या शेळ्या जातात तेव्हा तत्त्व फार गोड लागतं हो!

काही पावसाळे गेले. डोंगरावर गुडघाभर गवत झालं. विहिरीला चैत्रापर्यंत पाणी टिकायला लागलं. दावणीला बैल दिसले, सुताराला काम आलं, आणि खरंच बारा गाड्या उभ्या राहिल्या. त्या पुन्हा निघायच्या नाहीत अशी मी पैज लावलेली, ती हरलो, ते सोडा. गाव सोडून गेलेल्या सगळ्यांना नानांनी बोलावणं धाडलं. आमच्यात रीत अशी, की ज्याची गाडी त्याच्या घरची माणसं वर बसणार. आणि नाशिककडं जाणाऱ्या प्रत्येक एस.टी.च्या कंडक्टरजवळ नानांचा एकच निरोप. "आमचा सुदाम भेटला तर सांगा. आपली गाडी शेवटची हाय."

यात्रेच्या दिवशी काय ती गर्दी! भंडाऱ्यानं सगळं पिवळं झालेलं. भगतानं कमरेला दोर बांधला. इतक्या वर्षांत त्याच्या पोटाचा घेर असा वाढलेला, की दोराला गाठ मारायला टोक उरेना. अकरा गाड्यांत माणसं चेंगरलेली, आणि नाना इकडून तिकडं, "पुढं सरका, जागा हाय!" बारावी, नानांची गाडी मात्र मोकळी. मी आपला तिच्यावर पाय टाकला, तर नानांचा हात आडवा.

"जागा नाय."

"अहो नाना, अख्खी गाडी रिकामी!"

"सांगितलं ना, जागा नाय."

आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले. भगत ओरडला, "नाना, मारा शिट्टी!" नाना ढिम्म. डोळे फाट्याकडं. ज्या माणसानं स्वतःच्या मेहुण्यासाठी कधी गाडी मिनिटभर थांबवली नाही, त्यानं खंडोबाची यात्रा थांबवून धरली होती. कशासाठी, ते आता मला कळलं. पाचची एस.टी. यायची होती.

आली. एक म्हातारी उतरली, टोपलीवाला उतरला, एक पाहुणं जोडपं उतरलं. दार लागलं. गाडी धूळ उडवत पुढं गेली.

नानांनी डबल शिट्टी मारली. फुटक्या आवाजाची. मग स्वतःच बाराव्या गाडीत चढले आणि कडेच्या दांड्याला धरून उभे राहिले. "येळकोट येळकोट जय मल्हार!" गाड्या हलल्या, देवळापर्यंत गेल्या. गाव नाचत होतं, रडत होतं, एकमेकांना मिठ्या मारत होतं. एवढं सगळं ज्यानं परत आणलं तो एकटा मागं तोंड करून फाट्याकडं पाहत होता.

लोक उतरून प्रसादाला गेले, तरी नाना गाडीतच. मला एरवी त्यांना पाहिलं की काहीतरी टोचून बोलायला सुचतंच. त्या दिवशी मी चढलो आणि म्हणालो, "नाना, सरका पुढं. जागा हाय."

नाना खाली बसले, आणि पार कडेला सरकले. मी दुसऱ्या कडेला बसलो. मधली जागा मात्र दोघांनीही सोडली.