शेवटचं बेट

चष्मेवाल्याला आपल्याच साम्राज्याचा कंटाळा आला होता, पण बायकोपुढे हे कबूल करायची त्याची तयारी नव्हती. आठ महिन्यांपूर्वी त्याने लॅपटॉपवरच्या त्या मध्ययुगात एका दलदलीच्या परगण्यापासून सुरुवात केली होती. तेव्हा शेजारच्या जहागीरदाराने नुसते डोळे वटारले तरी याला इकडे घाम फुटायचा. त्यानंतर खेळातली चारशे वर्षं उलटली, तेरा राजे होऊन गेले आणि अख्खा नकाशा जांभळा झाला. जांभळा म्हणजे आपला. राहिलं होतं फक्त एक बेट, बोटाच्या नखाएवढं, हिरवंगार. तेवढं मिळालं की जग जिंकलं.

एवढं मोठं राज्य चालवायचं म्हणजे दिवसभर खिडक्या बंद करायच्या. दर मिनिटाला पडद्यावर एक खिडकी उघडायची. कुणा पुतण्याला लग्न करायचंय, कुणा सरदाराला वेगळं व्हायचंय, कुणाचा घोडा मेलाय. पूर्वी तो प्रत्येक खिडकी दोनदा वाचायचा. आता न वाचता ‘हो’ दाबायचा. ‘हो’ म्हणजे नुसतं ‘पाहिलं’; अर्ज तसाच ढिगात पडून राहायचा. ही खोड हळूहळू घरातही शिरली. बायकोचं वाक्य पुरं व्हायच्या आत याचं ‘हो, हो’ सुरू. अशाच एका ‘हो’मुळे सासूबाई पंधरा दिवसांसाठी राहायला आल्या होत्या. आणि दुसऱ्या एका ‘हो’मुळे या रविवारी पाचच्या ठोक्याला हा खेळ लॅपटॉपवरून पुसला जाणार होता, कारण सोमवारपासून बायकोची गणिताची शिकवणी त्यावर भरणार होती.

बेट मिळवायचा बेत मात्र पक्का होता. तिथल्या म्हाताऱ्या राणीशी तह झाला असल्यामुळे लढाई करता येत नव्हती. म्हणून त्याने सम्राटाच्या सात वर्षांच्या नातवाचं लग्न राणीच्या बेचाळीस वर्षांच्या भाचीशी ठरवून ठेवलं होतं. भाची बेटाची वारस, आणि खेळाच्या नियमाने वारसाशी लग्न लागलं की बेट आपलं. नातू सोळा वर्षांचा व्हायला नऊ वर्षं हवी होती, आणि राजघराण्याचा पसारा एवढा वाढला होता की एका वर्षाला लॅपटॉप वीस मिनिटं धापा टाकायचा. म्हणजे तीन तास. आज तोच रविवार, आणि दीड वाजला होता. काठावर का होईना, जमत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे त्याच्या चष्म्याच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक होतं, बसचा ड्रायव्हर.

“साहेब, चष्म्यावर बसलो. दोन्ही काचा गेल्या. पाचची गाडी माझीच आहे हो!”

याला नाही म्हणणं शक्य नव्हतं. रस्त्यावर आपणही चालतो. खेळ थांबवणंही शक्य नव्हतं. बायको शिकवणीसाठी फळा आणायला गेली होती. घरात उरल्या सासूबाई.

“आई, एक काम कराल? इथे खिडकी आली की ‘हो’ दाबायचं. बाकी काही नाही.”

“वाचायचं नाही?”

“काही गरज नाही.”

चौतीस वर्षं नोकरी करून सासूबाई हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि न वाचता त्यांनी पोस्टमनच्या कागदावरही कधी सही केली नव्हती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, वही काढली, पेनचं टोपण उघडलं. चष्मेवाला तोवर जिना उतरलाही होता.

दुकानात ड्रायव्हरच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून होते न होते तोच पहिला फोन आला. हात गुंतलेले, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला.

“जावईबापू, या घराण्यात एकेचाळीस माणसं बिनलग्नाची बसलीत. एकाची तर पन्नाशी आली.”

“द्या बार उडवून, आई! सगळ्यांची करून टाका!” मग ड्रायव्हरला म्हणाला, “तिसरी ओळ वाचा.”

दहा मिनिटांनी दुसरा फोन.

“तळघरात तेवीस माणसं कोंडून ठेवलीत, हे तुम्हाला ठाऊक आहे? त्यात सम्राटाचा सख्खा मेहुणा आहे. एकवीस वर्षं!”

“असू दे हो, त्याने विष घातलं होतं.”

“एकवीस वर्षांत माणूस सुधारतो. मी सगळ्यांना सोडलंय.”

ड्रायव्हर अक्षरं वाचायचा थांबला. “साहेब, मेहुण्याला तळघरात?”

“खेळ आहे तो. चौथी ओळ.”

“खेळ कसला, एकवीस वर्षं म्हणाल्या त्या,” असं पुटपुटत ड्रायव्हरने चौथी ओळ वाचली. नंबर वाढला होता. चष्मेवाला काचा घासायला बसला, आणि एक काच बसवून दुसरी हातात घेतो तोच तिसरा फोन.

“सात वर्षांचा नातू आणि बेचाळीस वर्षांची नवरी? शोभतं का हे? मोडलं मी.”

बारीक स्क्रू हातातून निसटून टेबलाखाली गेला. “आई, अहो, अख्खं बेट त्या लग्नावर अवलंबून होतं!”

आता मात्र ड्रायव्हर उठून उभाच राहिला. “साहेब, तुम्ही माणूस चांगले आहात म्हणून बोलतो. बेटापायी नातवाचा बळी देऊ नका.”

“मला नातू नाही! बसा खाली!”

सासूबाईंनी नंतर फोन उचलला नाही. कामाच्या वेळात त्या कुणाचाच फोन उचलत नसत. स्क्रू शोधण्यात वीस मिनिटं गेली. पावणेपाचला ड्रायव्हर चष्मा लावून पळाला, जाताना सुद्धा मान हलवत होता.

चष्मेवाला धापा टाकत घरी पोचला तेव्हा लॅपटॉपचा पंखा गप्प होता. त्याने नकाशाकडे पाहिलं. पिवळा, तांबडा, निळा, करडा. चाळीस राज्यं, चाळीस रंग.

“माझं साम्राज्य कुठाय?”

“दिलं ज्याचं त्याला,” सासूबाई वहीवर बोट फिरवत म्हणाल्या. “सगळ्या सरदारांचे अर्ज पडून होते. काही तर साठ वर्षांचे! एवढा बारदाना एकत्र ठेवला की धुसफूस होणारच. सगळे निकाली काढले.”

“आणि बेट?”

“ते तुमचं.”

त्याने वाकून पाहिलं. बोटाच्या नखाएवढं बेट जांभळं झालं होतं. जगात तेवढंच जांभळं होतं.

“सम्राट विधुर, राणी विधवा. दोघांची साठी उलटलेली. मध्ये लेकरांना कशाला घालायचं? राणीलाच सरळ विचारलं. लगेच होकार आला. सम्राट आता तिकडेच राहतो.”

राणीला सरळ विचारायचं, हे आठ महिन्यांत त्याला एकदाही सुचलं नव्हतं. तो मटकन जमिनीवर बसला. रडू आल्यासारखं झालं होतं.

“आठ महिने, आई.”

“वाईट वाटलं का हो?” सासूबाई एकदम नरमल्या. “मी प्रत्येक कागद नीट वाचूनच…”

एवढ्यात खिडकी उघडली. चष्मेवाल्याचा हात सवयीने ‘हो’कडे गेला आणि थबकला. समोरच्या किनाऱ्यावरच्या जहागीरदाराने चाळीस गलबतं आणून उभी केली होती. बेट रिकामं करा, म्हणत होता. बेटावर शिपाई एकोणीस. चष्मेवाल्याने खिडकी एकदा वाचली. पुन्हा वाचली. त्याला दरदरून घाम फुटला, आणि आपण हसतो आहोत हे त्याच्या थोडं उशिरा लक्षात आलं.

“आई, सरका जरा. या जहागीरदाराच्या घरी लग्नाचं कोण आहे?”

“धाकटी बहीण. कुणी विचारत नाही बिचारीला,” सासूबाईंनी वहीचं पान उलटलं. “आपला सुटून आलेला मेहुणा आहे की!”

“तो विष घालतो.”

“आता नाही घालत.”

दारात बायको फळा घेऊन उभी होती. “पाच वाजले. पुसायचा ना खेळ? एवढासा ठिपका तर राहिलाय.”

“अगं, आत्ता कुठे सुरू झालाय!”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. दोघांची डोकी एका पडद्यात घुसलेली आणि दोघं मेहुण्याच्या चारित्र्यावर भांडत होते. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण या दोघांना एवढं बोलताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिने फळा भिंतीला टेकवला.

“बरं, उद्यापासून फळ्यावरच शिकवते. पण ऐका, आई परवा जायचं म्हणतेय. आणखी महिनाभर ठेवून घेऊ या का?”

चष्मेवाल्याने माउस सोडला, मान वर केली आणि तिचं वाक्य पुरं होऊ दिलं. मग म्हणाला, “हो.”