मन्मथअप्पा आणि फोटोच्या कडा

मन्मथअप्पांना कोणाच्याही लग्नाचा फोटो दाखवा, ते नवरानवरीकडे बघतच नाहीत. आधी चारी कडा बघतात. अंगठा डावीकडून फिरत फिरत पुन्हा डावीकडे येतो, मग निकाल लागतो. "ह्यो कुणाचा कोपर हाय? ह्याला आवतण होतं का?"

लातुरात आमच्या समोरच्या घरात ते एकटे राहतात. त्यांचा फोटो स्टुडिओ कधीच बंद झाला, पण लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन अजून सदऱ्याच्या खिशात असतात. ते फोटोवर ठेवून सरकवायचे, की नको ते झाकलं जातं आणि हवं तेवढंच चौकटीत उरतं. मग कात्री. एका साखरपुड्याच्या फोटोतून त्यांनी मुलीची सख्खी आत्याच कापून टाकली होती. "फोटो सुधारला की न्हाई?" असं वर त्या आत्यालाच विचारलं.

मामाने मला छोटा डिजिटल कॅमेरा दिला तेव्हा मी काही त्यांच्याकडे शिकायला गेले नाही. मी आपणहून कुठेच जात नाही. गच्चीवर उभी राहून फोटो काढत होते, तर त्यांनीच खालून हाक मारली आणि कॅमेरा मागून घेतला.

"सगळ्यांच्या पाठीच हायत गं माय. रुसलेत का लोकं तुझ्यावर?"

"समोरून काढायला ऑकवर्ड वाटतं."

"ते तुझ्या इंग्लिश शाळेला वाटत असंल. कॅमेऱ्याला न्हाई वाटत. दोन पावलं पुढं जा. माणसाला खुंटीवानी मधोमध ठोकू नको. मागं खांब हाय का बघ, न्हाईतर डोक्यातून उगवतो. आन् बटण दाबायच्या आधी कडा बघ, कडा! तोंड कुठं पळून जात न्हाई."

त्या उन्हाळ्यात टँकर आठ दिवसांआड यायचा. नगरपालिकेच्या अर्जाला जोडायला गल्लीला रांगेचा फोटो हवा होता आणि कॅमेरा फक्त माझ्याकडे. रांग म्हणजे बायका नव्हेत. बायका सावलीत, रांगेत त्यांच्या घागरी. मी कशीबशी दोन पावलं पुढे गेले, तेवढ्यात अप्पा आले.

"ही पिवळी घागर पुढंच बोंबलून राहिली!" म्हणत त्यांनी ती उचलून कडेला ठेवली. मग निळ्या एकीकडे, स्टीलच्या दुसरीकडे, आणि रांगेला छान वळण. फोटो खरंच सुरेख आला. तेवढ्यात टँकरही आला.

"माझी पिवळी पहिली होती!" शोभाकाकू ओरडल्या. "अप्पा, नंबर गेला की हो माझा!"

"नंबर गेला, पर नजर आधी तुमच्याच घागरीवर जाती, बाई."

"नजर काय प्यायला घालू का लेकरांना?"

शेवटी अप्पांनी आपली भरलेली घागर काकूंच्या दारात नेऊन ठेवली, तेव्हा कुठे भांडण मिटलं.

अप्पांची बायको, अक्का, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. फोटोवाल्याच्या भिंतीवर बायकोचाच फोटो नाही, याची गल्लीला गंमत वाटायची. "ती कॅमेऱ्यापुढं कधी उभीच न्हाई राहिली," अप्पा म्हणायचे. जुन्या निगेटिव्ह वाळवीने खाल्ल्या होत्या. म्हणून ज्याच्या घरी जातील तिथे ते जुना अल्बम मागायचे. "एखाद्यात असंल ती." अजून तरी कुठे सापडली नव्हती.

आईबाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. आईने ट्रंकेच्या तळातून लग्नाचा फोटो काढला. मोठा करून घ्यायचा होता. मी शिकल्याप्रमाणे आधी कडा बघितल्या. उजव्या कडेला, खालच्या कोपऱ्यात एक हात घुसला होता. मनगटभर हिरव्या बांगड्या आणि मुठीत पांढरं कापड.

"तो कुणाचा मेला हात, देव जाणे," आई म्हणाली. "काढून टाक म्हणावं अप्पांना."

चूक मी स्वतः शोधली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी दारात आपणहून गेले.

"इथून कापायचा ना, अप्पा?"

त्यांचा अंगठा डावीकडून निघाला आणि उजव्या कोपऱ्यात थांबला. पुढे सरकेना.

"नवरीच्या तोंडावर उजेड पडाया पाहिजे," ते म्हणाले. "म्हणून आमची ही बाजूला पांढरी चादर धरून उभी राहायची. उजेड चादरीवरून तोंडावर यायचा. दर लग्नात. मी वरडायचो, हात आत येऊन राहिला, मागं सर! आन् आला तर कापायचो. ह्यो एक राहून गेला."

मी हातातली कात्री मागे लपवली.

"फोटो पिवळा पडला बघ, पुरता धुतला न्हाई म्हणून. लातूर नवा नवा जिल्हा झालता. जो तो फॉर्मावर डकवायला फोटो मागायचा, आन् धुवायला पाणी न्हाई. हीच आणायची, डोक्यावरून. दोन घागरीत सगळे फोटो धुतले आमी."

त्यांनी खिशातून काटकोन काढले. फोटोवर ठेवले, सरकवले. आधी बाबा झाकले गेले, मग आई, मग मांडव. चौकटीत उरला फक्त हिरव्या बांगड्यांचा हात.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले. "काढ."

मी गळ्यातला कॅमेरा डोळ्यांपुढे धरला.

"जवळ ये. अजून." त्यांनी पुठ्ठा घट्ट धरला. "कडा बघितल्या का?"

मी बघितल्या होत्या. पुठ्ठा धरलेला त्यांचा अंगठा खालच्या कडेने आत आला होता, बांगड्यांना जवळजवळ टेकलेला.

"बघितल्या," मी म्हणाले आणि बटण दाबलं.