आप्पा आणि साखरेचा पसारा

शिरूरच्या स्टँडवर कुणी नुसतं विचारलं, की दौंडची गाडी साधारण किती वाजता येते, आणि ते ऐकायला आप्पा शेलार जवळ असले, तर त्या माणसाची सुटका नाही. "साधारण सोडा," आप्पा म्हणतात, "पसारा किती हाय ते इचारा. सरासरीत कुणी बसून जात न्हाई." तो बिचारा आपल्या पिशव्यांकडे बघतो आणि त्या जरा आवरून घेतो.

आप्पा माझे घरमालक. मी इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहते. शनिवारी दौंडला आईकडे जाते. आप्पांची सगळी नोकरी स्टँडवरच्या कंट्रोलच्या खिडकीत माईकसमोर गेली. रिटायर झाल्यावर माईक सुटला, आवाज सुटला नाही. संध्याकाळी खालून ऐकू येतं, "भाकरी तव्यावर लागलेली आहे. जेवणाऱ्यांनी हात धुऊन घ्यावेत." त्यावर कुसुमकाकू म्हणतात, "अहो, घरात आपण दोघंच हाय. कुणाला पुकारताय?" मुलगा पुण्यात, सून पुण्यात. तरी पुकारा रोज व्हायचा.

पसाऱ्याचं वेड मात्र त्यांना माझ्यामुळं लागलं.

काकूंना साखरेचा त्रास जुना. एका चतुर्थीला त्यांनी उपास धरला, गोळी मात्र नेमानं घेतली, आणि स्वयंपाकघरात कोसळल्या. आप्पांच्या हाकेनं मी खाली धावले. साखरेचं पाणी पाजल्यावर त्या सावरल्या. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. तीन महिन्यांची सरासरी चांगली होती. "पण सरासरी चांगली असून भागत नाही," त्या म्हणाल्या, "मधे वर-खाली फार होतंय. घरी मशीननं मोजत जा आणि मला दाखवा." त्यांनी गोळीही बदलून दिली.

पाच दिवस मोजून झाल्यावर आप्पा मुलाचा जुना लॅपटॉप काखेत मारून माझ्या दारात उभे. "मॅडम, वर-खाली किती व्हतंय, त्ये एका आकड्यात सांगता येतं का?"

"येतं की. त्याला प्रमाण विचलन म्हणतात."

"मराठीत सांगा."

"पसारा म्हणा. आकडे सरासरीपासून किती लांब पसरलेत, ते."

"हां. ह्ये बरं हाय."

मी एक्सेलची शीट उघडून दिली. आप्पा एका बोटानं टाइप करत होते आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होते. सत्तर, दोनशे दहा, नव्वद, एकशे नव्वद, एकशे चाळीस. सरासरी एकशे चाळीस आली. मग शेजारच्या रकान्यात प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढला. आप्पांनी त्या फरकांची बेरीज करायचा हट्ट धरला. उत्तर आलं शून्य.

"बघा," ते खूश होऊन म्हणाले, "तंटाच मिटला. पसारा न्हाईच."

"असं कसं, आप्पा? सत्तर खाली गेली होती आणि सत्तर वर गेली होती. वजा आणि अधिक एकमेकांना खातात. म्हणून आधी वर्ग करायचे, म्हणजे वजा उरत नाही. मग त्यांची सरासरी, आणि शेवटी वर्गमूळ."

आप्पांनी वजाच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजी माणूस एकदा खड्ड्यात पडला आन् एकदा झाडावर चढला, तर तो जमिनीवर व्हता असं म्हनायचं न्हाई."

इतकं नीट मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.

एवढा खटाटोप रोज नको म्हणून मी त्यांना सूत्र दाखवलं. तिथं दोन पर्याय होते. सगळेच्या सगळे आकडे हातात असतील तर एक, आणि त्यातले थोडेच असतील तर दुसरं. "आपल्याकडे काकूंचे थोडेच दिवस आहेत," मी म्हणाले आणि जीभ चावली, "म्हणजे मोजलेले."

"थोडंच असू द्या," आप्पा शांतपणे म्हणाले. "सगळं दिवस हातात आल्यावर कुणासाठी मोजायचं?" आणि त्यांनी दुसरं सूत्र दाबलं. पसारा साठीच्या आसपास आला.

त्या दिवसापासून जगातली प्रत्येक गोष्ट पसाऱ्यात सापडली. काकूंच्या भाकऱ्यांचा पसारा, नळाच्या पाण्याचा पसारा, कीर्तनकाराच्या आवाजाचा पसारा. शेजारच्या मुलीला बघायला पाहुणे आले, त्यांनी मुलगा स्वभावानं मध्यम आहे म्हणून सांगितलं. आप्पा म्हणाले, "मध्यम असंल, पण पसारा?" पाहुण्यांनी घर केवढं आहे ते सांगितलं.

एका दुपारी ते धापा टाकत जिना चढून आले. चेहरा पांढरा. "मॅडम, पसारा तीनशेच्या वर गेला." मी शीट बघितली. एकशे बाराच्या जागी अकराशे बारा पडले होते. काकू खाली निवांत शेंगा सोलत होत्या. मी एक एकडा खोडला, पसारा जागेवर आला. आप्पा पायरीवरच बसले. पाणी मागितलं, पण प्याले नाहीत, नुसता पेला धरून राहिले.

गोळी बदलल्यावर पसारा खरंच उतरला होता. पुढं तो पुन्हा चढायला लागला. आप्पांनी घराची छावणी केली. नाश्ता अमक्या वेळी, जेवण तमक्या वेळी, चहा बिनसाखरेचा, मोजताना सुई आप्पांच्या हातात, आणि आकडा जास्त आला की दिवसभर तोंड उतरलेलं. "काल काय खाल्लं व्हतं? कवा खाल्लं व्हतं? आठवून सांग." काकू आठवून सांगायच्या. पसारा तरी चढतच होता.

शेवटी एका सकाळी काकूंनी पिशवी भरली. "मी माहेरी भांडगावला निघाले, थोरल्या बहिणीकडं, शांताक्काकडं. मशीन घेऊन चाललेय. आकडं फोनवर कळवते. तुमी तुमची शीट सांभाळा."

काकू गेल्यावर घर एकदम गप्प झालं. संध्याकाळचा पुकारा बंद पडला. मी जेवणाचं विचारलं की आप्पा म्हणायचे, "झालं." ताट घासल्याचा आवाज मात्र यायचा नाही. शांताक्काची सून रोज फोनवर आकडे सांगायची आणि ते शीटमध्ये भरले जायचे.

शुक्रवारी त्यांनी मला खाली बोलावलं. "तुमी बघा. माझं काय चुकतंय का?"

चुकत काहीच नव्हतं. भांडगावच्या आकड्यांचा पसारा इथल्यापेक्षा निम्म्यावर आला होता. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"म्हंजी मी नसल्यावर ती बरी ऱ्हाती," आप्पा म्हणाले. लॅपटॉप त्यांनी हळूच मिटला. "उद्या तुमी दौंडला जाताय ना? मी येतो चौफुल्यापर्यंत. तिथनं भांडगाव जवळ हाय."

शनिवारी चौफुल्याला उतरून आप्पा उभेच राहिले. त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही त्यांच्याबरोबर भांडगावला गेले. शांताक्काच्या अंगणात काकू लिंबाखाली बसल्या होत्या. आप्पांना बघून त्यांनी पदर सारखा केला आणि आत हात करून मशीन मागवलं.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "त्यासाठी न्हाई आलो."

"मग?"

"हितं तुझी साखर चांगली ऱ्हाती. माझ्यामुळं बिघडत व्हती. ऱ्हा हवं तेवढं. येवढंच सांगायला आलो."

काकूंनी त्यांच्याकडे पाट सरकवला. मग माझ्याकडे बघून बोलल्या, "पोरी, आकडा जास्त आला की ह्यांचं तोंड बघवायचं न्हाई. म्हणून मोजायच्या आधी मी जेवायचीच न्हाई. ताट वाढून घ्यायची आन् मागच्या दारी गाईला घालायची. मग कधी हात थरथरायचं, मग गपचूप गूळ खायची. हितं काय, वाढलं की खाते."

हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तू पडलीस ना," ते म्हणाले, "तवा मी बाहेर पेपर वाचत व्हतो. भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं भांडंच पडलं. मी सबंद पान वाचून मग उठलो." टोपीची घडी घालत म्हणाले, "तवापास्नं भ्या वाटतं."

"मग भ्या वाटतं म्हणून सांगायचं की," काकू म्हणाल्या. "ती शीट कशाला?"

शांताक्कानं चहा आणला. काकूंनी आप्पांना राहून जा म्हटलं, आणि सासुरवाडीच्या गावात कधी मुक्काम न केलेला तो माणूस राहिला. मी एकटीच दौंडला गेले.

काही दिवसांनी दोघं परत आली. आता काकू वेळेवर जेवतात आणि आकडा काहीही आला तरी आप्पा आधी "बरं" म्हणतात. डॉक्टरबाई समाधानी आहेत. काकू बोटाला सुई स्वतःच टोचून घेतात. मी सहज म्हणाले, "काकू, इतके दिवस आप्पा टोचायचे, तेव्हा दुखायचं का हो?"

काकू हसल्या. आप्पा अंगणात गेल्याचं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "ते कुठं टोचायचं? सुई हातात धरून डोळं गच्च मिटून बसायचं. बोट मीच नेऊन लावायची."