पाटणकर काकांचा अर्धा सेकंद

सोसायटीच्या आरतीत कोणाची टाळी मागेपुढे पडली, तर पाटणकर काका आरतीच थांबवतात. डोळे मिटलेले असतात, पण बोट बरोबर गुन्हेगाराकडे जातं. "अर्धा सेकंद मागे आहात!" देवाला चालतं, काकांना चालत नाही.

अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रं सांभाळून निवृत्त झालेला हा गृहस्थ आता पत्त्यांच्या कॅटाएवढे कॉम्प्युटर टीव्हींच्या पाठीला चिकटवतो आणि सगळ्या टीव्हींवर एकच व्हिडिओ एका तालात चालवतो. "एवढ्याशा फरकाने काय बिघडतं?" असं विचारणाऱ्याला त्यांच्या घरी चहा मिळत नाही.

उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये परसूभाईंचं साड्यांचं नवं दुकान उघडणार होतं. सहा टीव्ही जोडून भिंतभर एकच नवरी दाखवायची, असा काकांनी शब्द दिला होता. शेजारधर्म म्हणून मी पिशवी धरायला गेलो. उद्घाटनाला तास उरला आणि परसूभाई ओरडले, "साईं, दुल्हन मंडप में, और उसका एक हाथ अभी घर पे!"

खरंच, पाच टीव्हींवर नवरी बोहल्यावर उभी होती आणि सहाव्यावर तिचा हात मेंदी सुकवत होता. देवाच्या फोटोला दिव्यांची माळ लावायची म्हणून परसूभाईंनी सहाव्याचाच प्लग काढला होता. परत लावल्यावर तो बिचारा पहिल्यापासून सुरू झाला.

"सगळे बंद करून एकदम लावू," मी म्हणालो.

"आणि उद्या पुन्हा माळ लावली तर? आरतीला उशिरा आलेला माणूस पहिल्या कडव्यापासून म्हणतो का? चालू ओळ पकडतो! घरी केलंय मी हे, इथे करायचं राहिलं. चूक माझी."

काका फरशीवर मांडी ठोकून बसले. पहिल्या कॉम्प्युटरला म्होरक्या केलं. बाकीच्यांनी त्याला सतत विचारायचं, "कुठवर आलास?" आणि मागे पडलेल्याने उडी मारून गाठायचं. मग भर उद्घाटनात, पाहुण्यांसमोर, काकांनी स्वतःच सहाव्याचा प्लग उपटला आणि पुन्हा लावला. हात थेट मंडपात, हारासकट! परसूभाईंनी काकांना मिठीच मारली. माझीही छाती फुगली. पिशवी मीच धरली होती ना.

संध्याकाळी परसूभाईंचे पेढे द्यायला गेलो, तर काका एकटेच टीव्हीसमोर, फोन स्पीकरवर. काकू दीड वर्ष बदलापूरला, खरवईत, अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी आहेत. तिथल्या टीव्हीच्या पाठीलाही तसलाच कॉम्प्युटर आहे. रोज आठ वाजता दोघं एकच जुना विनोदी सिनेमा बघतात.

"आधी इथे मी हसायचो, मग फोनवर ती," काका म्हणाले. "दोघंही एकेकटे हसतोय असं वाटायचं. फार वाईट वाटायचं हो."

तेवढ्यात फोनमधून काकू म्हणाल्या, "अहो, लाइट आले! कुठवर आलात?"

"तू लाव फक्त. तो गाठेल मला."

क्षणभराने खोलीतलं हसू आणि फोनमधलं हसू एकदम फुटलं. मी पेढे हातात धरून फोनकडेच बघत राहिलो, त्यामुळे मला हसायला जरा उशीर झाला.

काकांचं बोट माझ्याकडे वळलं. "अर्धा सेकंद मागे आहात!"