कार्डावरनं ट्रॅक्टर

कोन म्हनतं कार्ड मी आपल्या मनानं मोडलं? कोकोबाई, "कृपया मोडा" असं तूच लिहिलंस ना? आनि आता वॉरंटी मागितली की म्हनतेस, "प्रिय मित्र, ग्राहकाने स्वतः मोडलेल्या मालास वॉरंटी लागू नाही." प्रिय मित्र! माझी बायको मला प्रिय म्हनत न्हाई, आनि तू समुद्रापलीकडं कार्डाच्या कंपनीत बसून रोज म्हनतेस.

तुझा साहेब नवा हाय, त्याला काय ठाऊक न्हाई म्हनतेस. मंग हे त्याला वाचून दाखव. पहिल्यापासनं सांगतो.

मी ओरेस्ट. कॅनडात, सस्कॅचवानात गहू करतो. माझी बायको व्हर्ना गोधड्या शिवते. हातानं न्हाई. मशीन शिवते, मशीनला काम्प्युटर सांगतो, काम्प्युटरला व्हर्ना सांगते. (आनि मला तिघं मिळून सांगतात.) कापनी झाली की आमच्या हॉलमधी गावजेवन असतं. टर्की, कोबीचे रोल, आनि शेवटी व्हर्नाच्या गोधडीची सोडत. औंदा त्या सोडतीच्या पैशातनं हॉल गरम ठेवायची भट्टी बदलायची हाय. भट्टी न्हाई तर थंडीत हॉल बंद. हॉल बंद, तर बर्फावर कर्लिंग खेळून झाल्यावर आम्ही गड्यांनी बसायचं कुठं? घरी? बायकांसमोर?

तर औंदाच्या गोधडीवर उडते हंस. अर्धे हंस शिवून झाले आनि काम्प्युटरचा पडदा लुकलुकायला लागला. व्हर्ना म्हनाली, "शहरात जा, दुकानातनं पडद्याचं नवं ग्राफिक्स कार्ड आन."

"दुकानदार लुटतो," मी म्हनलो. "नेटवर परदेशातनं निम्म्यात येतं."

"आनि बिघडलं तर?"

"वॉरंटी हाय की!"

(हे वाक्य ती आता माझा आवाज काढून लोकांना ऐकवते.)

कार्ड आलं. मी सोता बसवलं. पडदा काळा ठिक्कर! तुला लिहिलं. तू म्हनालीस, बंद करून चालू करा. केलं. पुन्हा म्हनालीस, बंद करून चालू करा. मी काय गाय हाय का, तेच तेच रवंथ करायला? मंग म्हनालीस, यंत्राचा पुढनं-मागनं व्हिडिओ पाठवा. पाठवला. शेवटी तुझं उत्तर आलं, की माल परत मागवायला मालापेक्षा जास्त खर्च येतो, तवा कार्ड मोडा, मोडल्याचा व्हिडिओ पाठवा, नवं देतो.

खरं सांगतो, त्या दिवशी तू मला आवडलीस. काम्प्युटरवाल्यानं मला जमंल असं काम जन्मात पहिल्यांदा सांगितलं.

शेजारच्या लॉर्नला फोन धरून उभा केला. काम्प्युटर उघडला, आतलं कार्ड उपसलं, कुंपनाच्या खांबावर ठेवलं आनि शेत पोखरनारे गोफर मारायची बंदूक आनली. कार्डाला मांजराचे केस चिकटले व्हते. लॉर्न म्हनला, "ओरेस्ट, नव्या कार्डाला केस कसे रं?"

"परदेशात मांजरं नसतात व्हय?"

पहिली गोळी चुकली. (वारा व्हता.) दुसरीबी चुकली. (वारा वाढला.) लॉर्न म्हनला, "कार्डाला पळायला सांगू का? पळतं निशान जमंल तुला." मंग माझं डोकं फिरलं. ट्रॅक्टर काढला. एकदा पुढनं, एकदा मागनं. कराकरा आवाज आला, जीव गार झाला.

तेवढ्यात व्हर्ना दारात. "माझा काम्प्युटर कुनी उघडला? कार्ड कुठाय?"

"मोडलं!" मी छाती काढून म्हनलो.

"कुठलं?"

"नवं. मेलेलं."

"मेलेलं फ्रीजवर हाय, ओरेस्ट. जुनं मी सकाळीच परत बसवलं. लुकलुकत का हुईना, चालत व्हतं. न्याहारीला तुला सांगितलं. तू काय म्हनलास?"

"काय म्हनलो?"

"'हं' म्हनलास."

(तवा रेडिओवर गव्हाचा भाव चालू व्हता.)

व्हिडिओ तर लॉर्ननं पाठवूनबी टाकला व्हता. तुझं उत्तर आलं, "प्रिय मित्र, व्हिडिओ खूप आवडला, ऑफिसात सगळ्यांनी दोनदा पाहिला. पण हे कार्ड आमचे नाही. आमच्या कार्डाला दोन पंखे आहेत. कृपया आमचे मोडा."

बरं! फ्रीजवरनं तुझं कार्ड काढलं, लॉर्नला परत बोलावलं, दोन्ही पंखे बोट लावून दाखवले आनि थेट ट्रॅक्टर. बंदुकीच्या भानगडीत पडलोच न्हाई. (लॉर्ननं अट घातली व्हती.)

आनि मंग, कोकोबाई, मंग तुझ्या नव्या साहेबाला जाग आली! माझा पहिला व्हिडिओ तवा बघितला व्हय त्यानं? म्हनं, "पडद्याची वायर कार्डाच्या भोकात नाही, यंत्राच्या दुसऱ्याच भोकात घातलेली दिसते. कार्ड चांगले होते. कृपया वायर कार्डात घालून पाहा."

कशात घालू? कार्ड पॅनकेकसारखं चपटं झालंय, आनि त्याच्यावर टायरची नक्षी हाय!

हे व्हर्नाला सांगनारच नव्हतो. पन ती माझ्या खांद्यावरनं वाचत व्हती. ओरडली न्हाई. ओरडते तवा भ्यायचं काय कारन नसतं. गप आत गेली, सुई-दोरा आनला, माझ्या हातात दिला.

"राहिलेले हंस तू शीव. हातानं. जेवनाच्या आत."

तवापासनं शिवतोय. बोटांची चाळन झाली. काल लॉर्न आला, गोधडी उलगडून म्हनला, "वा, बटाटे झकास उतरलेत."

व्हर्ना म्हनाली, "नीट बघ. एका बटाट्याला पंख हाय."

समद्या गावाची भट्टी आता माझ्या बटाट्यांवर येऊन अडकलीय. तर तुझं ते प्रिय मित्र बंद कर आनि कार्ड पाठव. आनि वायर कुठल्या भोकात घालायची, तिथं बान काढून पाठव. मोठा काढ.