तळ झाडणारं यंत्र

दातांच्या डॉक्टरांनी घरामागे पोहण्याचा तलाव बांधला तो सासूबाईंच्या गुडघ्यासाठी. ऑपरेशननंतर हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज छातीभर पाण्यात चाला, नाहीतर सांधा आखडेल. तलाव बांधून झाला, पाणी भरलं. सासूबाई काठी टेकत काठावर आल्या, आत डोकावल्या आणि परत फिरल्या.

"तळाला काय साचलंय ते दिसत नाही. मी पाय ठेवणार नाही."

साचला होता तो पाचोळा आणि गाळ. तळ साफ करणारं यंत्र आणलं की प्रश्न मिटणार होता. पण कुठल्या कंपनीचं, इथेच घोडं अडलं. दुसऱ्याचा दात काढायचा निर्णय क्षणात घेणारे डॉक्टर स्वतःच्या घरासाठी चहाची गाळणी घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालत.

"डोळे मिटून निळं घ्या," साडू म्हणाले. त्यांच्याकडे निळं होतं.

"निळं तळ झाडत नाही, तळावर फेरफटका मारतं," शेजारचे वकील म्हणाले. "पांढरं घ्या." त्यांच्याकडे अर्थातच पांढरं होतं.

डॉक्टरांनी दोघांचं ऐकलं, इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांचंही ऐकलं. तोवर पाणी हिरवं झालं आणि एका बेडकाने तिथे संसार थाटला. सासूबाई जिना चढताना मध्येच थांबायच्या आणि भिंतीवरचं चित्र निरखत असल्याचं दाखवायच्या.

"आईला त्या चित्रातलं काही कळत नाही," बायको म्हणाली. "अहो, कुठलंही आणा, पण आणा."

हे मात्र डॉक्टरांच्या मनाला लागलं. दोन्ही यंत्रं उसनी आणून एकदमच पाण्यात सोडायची आणि जे जास्त गाळ काढील ते घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं. रविवारी साडू आणि वकील आपापलं यंत्र घेऊन हजर झाले, आणि लेकीला सासरी पाठवताना द्याव्यात तशा सूचना देऊ लागले.

सुरुवात झकास झाली. निळं डावीकडून निघालं, पांढरं उजवीकडून. मधोमध दोघांची गाठ पडली. निळ्याने पांढऱ्याला वळसा घातला, पांढरं त्याच्या वायरीखालून उलटं फिरलं आणि बघता बघता दोन्ही वायरींची वेणी झाली.

"तुमच्या यंत्राने वाट अडवली," साडू म्हणाले.

"वहिवाट माझ्या यंत्राची आहे," वकील म्हणाले. "ते आधी पोचलं होतं."

बायकोने प्लग काढले आणि डॉक्टर पाण्यात उतरले. एक वायर सोडवताना दुसरी पायात आली, तळाच्या गाळावर पाय सटकला आणि ते छातीभर पाण्यात नाकापर्यंत बुडाले. आपलं यंत्र वाचवायला साडूंनी एक वायर ओढली, वकिलांनी दुसरी. प्रत्येक हिसक्यागणिक डॉक्टरांच्या पायांची मोळी घट्ट होत गेली. "ओढू नका" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर नुसते बुडबुडे आले.

काठी काठावर पडल्याचा आवाज झाला. पायऱ्यांवरून सासूबाई अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरल्या, तरातरा चालत मध्यावर गेल्या आणि जावयाला बखोटीला धरून त्यांनी उभं केलं.

"वायरी सोडा दोघांनी. मध्ये माणूस आहे."

दोघांनी मुकाट्याने सोडल्या. लोकरीचा गुंता सोडवावा तशा सासूबाईंनी वायरी मोकळ्या केल्या.

"आई, गुडघा?" लेक काठावरून म्हणाली.

सासूबाई थबकल्या. मग समोरच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आल्या. "पाण्यात जडच वाटत नाही गं." त्यांनी पायाने तळ चाचपला. "आणि हा नुसता पाचोळाच आहे की. एक लांब दांड्याचा ब्रश आणा. यंत्रबिंत्र नको."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई सकाळ-संध्याकाळ तलावाचा तळ झाडू लागल्या. झाडायचं म्हणजे चालणं आलंच. काठी घरात कुठेतरी कोपऱ्यात गेली, बेडूक बिऱ्हाड आवरून निघून गेला आणि पाणी काचेसारखं नितळ झालं.

उकाड्याच्या एका दुपारी दवाखान्यातून दमून आलेले डॉक्टर खांद्यावर टॉवेल टाकून तलावावर आले. पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, तोच पाण्यातून सासूबाईंनी ब्रश आडवा धरला.

"जावईबापू, आत्ताच झाडून घेतलंय. पाय धुऊन या."

समोर एवढं पाणी असताना डॉक्टर निमूटपणे नळावर गेले आणि पाय धुऊन आले. सासूबाईंनी दोन्ही तळवे उलटून बघितले आणि मगच ब्रश बाजूला घेतला.