अस्सल सागवानी केक

केक या विषयात मला कोणी शिकवू नये. माहेरी लोहाऱ्याला असताना आमच्या लाइनीतल्या निम्म्या पोरांचे वाढदिवस माझ्या केकवर पार पडले आहेत. लग्न होऊन दिग्रसजवळच्या तांड्यावर आले, तेव्हा इतर मुली कपाट आणतात, मी ओव्हन आणला. माझी सासू रामीबाई त्याच्यासमोर पाय पसरून बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "ह्याच्यावर मालिका कधी लागते?"

आमच्या बंजारा घरात आईला याडी म्हणतात. मीही सासूला याडीच म्हणते. ती मला संगीता म्हणते आणि माझ्या केकला 'फुगलेली भाकर' म्हणते. असो.

तर तान्हा पोळा. पोळ्याला मोठ्यांचे खरे बैल मिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लेकरं आपापले लाकडी नंदी दोरीनं ओढत मारुतीच्या पारापर्यंत नेतात. आमची राखी आता चार वर्षांची. गेल्या वर्षीपर्यंत ती माझ्या कडेवर बसून दुसऱ्यांचे नंदी बघायची. यंदा तिनं जाहीर केलं होतं, "मी चालत जाईन. माझा नंदी माझ्या मागं येईल."

तिच्या बाबांच्या, म्हणजे भारतच्या, लहानपणीचा नंदी माळ्यावर होता. भारत शिडी लावून चढला आणि त्यानं नंदी खाली काढला. म्हणजे चाकांची फळी त्याच्या हातात आली, बैल माळ्यावरच राहिला, भुश्याच्या रूपात. वाळवी.

राखीनं त्या भुश्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नंदी झोपला काय?" तिचा खालचा ओठ हळूच पुढं आला. हा ओठ पुढं आला की आमच्या घरात शहाणी माणसं अंगणात जातात.

भारत लगोलग दिग्रसला गेला. संध्याकाळच्या बसनं परत आला तो प्लास्टिकचा घोडा घेऊन.

"बैल संपले," तो म्हणाला. "घोडाच राह्यला होता."

"पोळ्याले घोडा?" सासरे देवीलाल, म्हणजे आमचे बापू, खाटेवरून उठून बसले. "उद्या म्हणसीन, वखराले उंट जुपा."

ओठ अजून पुढं आला. आणि मी, जिला कोणी काही विचारलं नव्हतं, मी म्हणाले, "घोडा राहू द्या. मी करते नंदी. केकचा. आधी मिरवायचा, मग खायचा."

ओठ जागेवर गेला. "शिंग कोणाचं?" राखीनं विचारलं.

"तुझं."

"दोन्ही?"

"दोन्ही. कोणी मागितलं तरी द्यायचं नाही."

तिनं माझ्या हातावर हात मारून वचन पक्कं केलं. तो हात एवढासा, घामेजलेला आणि पूर्ण विश्वासाचा. एवढ्या विश्वासानं तर मला लग्नाच्या मांडवातही कोणी पाहिलं नव्हतं.

बैल भाजणं सोपं असतं. बैल उभा करणं अवघड. धड उत्तम झालं, वशिंड वाटीत भाजलं तेही छान निघालं. पण केकचे पाय धडाखाली लावले की नंदी लगेच बसायचा. शेवटी भारतनं शेतातून पऱ्हाट्या तोडून आणल्या. कपाशीच्या त्या काड्यांवर केक लिंपून मी चार पाय केले आणि बैल जुन्या फळीवर उभा राहिला. डोळ्यांना काळ्या मनुका. शिंगं बिस्किटाच्या पिठाची. त्यातलं एक ओव्हनमध्ये आभाळाकडे वळलं, दुसरं जमिनीकडे. वरून पांढऱ्याशुभ्र क्रीमचं कातडं आणि लाल क्रीमची झूल.

राखी त्याच्याभोवती फिरली. "मम्मी, हा माझ्याकडं पाहून राह्यला," ती कुजबुजली. इथवर सगळं माझ्या ताब्यात होतं.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी नंदी दारात आणला आणि याडी तांब्या घेऊन बाहेर आली.

"याडी, काय करून राह्यल्या?"

"बैलाचे पाय धुवून राह्यली. पाय धुतल्याबिगर बैल दारातून जाते काय?"

"अहो, तो केक हाय."

"शिंगं हायेत, झूल हाय, आणि तू म्हणते केक हाय." तिनं तांब्या उपडा केला. पायांवरचा केक पाणी पिऊन टम्म फुगला. मग हळद लागली, कुंकू लागलं, कपाळावर तांदूळ चिकटले. ओवाळताना निरांजन तोंडाजवळ आलं आणि बैलाची मान हळूच खाली झुकली. वशिंड डाव्या अंगाला सरकलं.

"नमस्कार केला त्यानं," याडी गहिवरून म्हणाली आणि स्वतःही हात जोडले.

पारावर लेकरांची रांग लागली होती. परीक्षक होते आमच्या तांड्याचे रूपसिंग नाईक. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्यांचा शब्द खाली पडत नाही. दोष एकच, की दुसऱ्याचा शब्द त्यांच्या कानात पुरता शिरत नाही. एका हातात माइक, दुसरा हात पाठीमागे, अशा थाटात ते एकेक नंदी पाहत राखीसमोर आले आणि थबकले.

"असा बैल म्या पाह्यला नाही," ते माइकमधून म्हणाले. "बाकीचे कसे ताठ मानेचे. हा बघा किती नम्र. लाकूड कोणतं हाय, बेटा?"

"केक," राखी म्हणाली.

"टीक? म्हणजे सागवानच की. ऐका हो, अस्सल सागवानाचा नंदी हाय."

मी पुढं झाले. "नाईकसाहेब, टीक नाही, केक."

"तेच म्हणतो मी. यवतमाळच्या सागाले तोड नाही." आणि सागवान किती भरीव असतो हे लोकांना ऐकू जावं म्हणून त्यांनी एका हातानं माइक बैलाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ वळून बैलाच्या पाठीवर ठोकली.

माइकमधून 'टक' यायला हवं होतं. 'फस्स' आलं. नाईकांचा हात मनगटापर्यंत बैलात गेला.

नाईकांनी हात बाहेर काढला. क्रीमनं माखलेला तो हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला, मग बैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे लाकूड ओलं हाय," ते म्हणाले.

"केक हाय तो," भारत त्यांच्या कानाशी ओरडला. "वाढदिवसाचा केक. खायचा."

हे मात्र माइकमधून अख्ख्या तांड्यानं ऐकलं. लेकरांनी आपापले नंदी जागेवर सोडले आणि राखीच्या नंदीला वेढा घातला. "कापा, कापा," सुरू झालं. भारत घरून सुरी घेऊन आला. आता शिंगं राखीला द्यायची, उरलेला बैल वाटायचा आणि घरी जायचं, इतकं सरळ होतं. मी सुरी हातात घेतली.

आणि सगळा पार माझ्याकडे पाहायला लागला.

"काय करून राह्यली, संगीता?" याडीनं विचारलं.

"केक कापते."

"कुंकू लावलेल्या बैलाले? पोळ्यात? सुरीनं?"

मी सुरीकडे पाहिलं. बैलाकडे पाहिलं. मान झुकवून, कपाळावर अक्षता घेऊन, मनुकांचे डोळे माझ्यावर रोखून तो उभा होता. खरं सांगते, त्या घटकेला माझाही हात उचलेना. मी सुरी भारतला दिली. भारतनं बापूंना दिली. बापूंनी ती चटका बसल्यासारखी पारावर ठेवून दिली आणि धोतराला हात पुसले.

"हातानं मोडा," मागून कोणी म्हणालं.

"हातानं मोडला म्हणजे बैल राह्यला नाही काय?" दुसऱ्यानं विचारलं.

"मग शिरवा नाल्यात. गणपती शिरवतो तसा."

"आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणायचं काय त्याले?"

"देवळात ठेवा."

"मुंग्या लागतीन."

या गदारोळात राखी माझा पदर ओढत होती. "मम्मी, शिंग."

"हो बेटा, जरा थांब."

"तू म्हटलं होतं मिरवून झालं का शिंग. मिरवून झालं."

ओठ निघाला. मला नाइलाजानं आवाज चढवावा लागला. "नाईकसाहेब, लेकराले शब्द देला म्या. बैलाची शिंगं तिले भेटली पाह्यजे. काही तरी तोड काढा."

नाईकांनी डोळे मिटले. माखलेला हात त्यांनी छातीसमोर आशीर्वादासारखा उभा धरला होता. चाटणं शोभत नव्हतं आणि धोतराला पुसणं परवडत नव्हतं. माश्या जमल्या. मग त्यांनी निवाडा दिला.

"माणसानं बैलाले सुरी लावायची नाही. पण बैलानं बैल चाटला, तर त्यात पाप कोणाचं? पोळ्याचा बैल म्हणजे देव. देवानं उष्टावलं का त्याचा प्रसाद झाला. प्रसाद लेकरानं खाल्लाच पाह्यजे. देवीलाल, तुझ्या हिऱ्या बैलाले जरासं चाटू दे. मग वाटा."

अख्खा तांडा मानेनं हो म्हणाला. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

वरात आमच्या गोठ्याकडे निघाली. पुढं राखी दोरी धरून, मागं डुलत डुलत केक, त्याच्यामागं नाईक हात वर धरून आणि शेवटी ताटल्या घेऊन लेकरं. आमचा हिऱ्या खुंट्याला बांधलेला होता. कालच्या पोळ्यातली बाशिंगं अजून कपाळावर, पोटात पुरणपोळ्या, डोळ्यांत झोप. भारतनं फळी त्याच्यासमोर ठेवली.

"चाट रे, हिऱ्या. थोडंसंच," बापू म्हणाले.

हिऱ्यानं नंदीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. आपल्याच जातीचा हा पाहुणा त्याला पसंत नसावा. बापूंनी चुचकारलं, याडीनं शिंगांच्या मधे खाजवलं, भारतनं त्याची मान धरून वळवली. हिऱ्या हलेना.

"भेतो तो," नाईक म्हणाले आणि त्याला धीर द्यायला पुढं होऊन त्यांनी त्याच्या नाकावर हात ठेवला. तोच हात.

हिऱ्याची जीभ बाहेर आली. तिनं नाईकांचा हात बोटांपासून मनगटापर्यंत आणि तिथून कोपरापर्यंत असा साफ केला की तो सकाळी आंघोळीतही तेवढा निघाला नसावा. मग हिऱ्यानं डोळे पूर्ण उघडले. मग त्यानं खाली पाहिलं.

पहिल्या घासाला वशिंड गेलं. दुसऱ्याला झूल. "बास, बास, प्रसाद झाला," नाईक ओरडले. भारत कासऱ्याला लोंबकळला, बापूंनी शेपटी धरली. वर्षभर वखर ओढणाऱ्या बैलाला ही दोन माणसं म्हणजे अंगावरच्या दोन गोमाश्या. मी वाकून शिंगांसाठी हात घातला, तर माझ्या बांगड्यांवरून खरखरीत जीभ फिरली आणि आभाळाकडचं शिंग गेलं, पाठोपाठ जमिनीकडचं. शेवटी फळीवर पऱ्हाटीचे चार पाय तेवढे उरले. जे बैलानं खाण्यासारखं होतं, ते सोडून त्यानं सगळं खाल्लं.

ताटल्या धरलेली लेकरं, मोठी माणसं, सगळे राखीच्या ओठाकडे पाहत होते. मी खाली बसले आणि तिला जवळ घेतलं. काय सांगणार होते, कोण जाणे. उद्या दुसरा करू? तुझं शिंग देवानं नेलं?

पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती. ती हिऱ्याच्या कपाळाकडे टक लावून पाहत होती.

"मम्मी, त्यानं शिंग खाल्लं," ती हळूच म्हणाली. "आता त्याले तिसरं येईन काय?"

"येईलही," मी म्हणाले. आईनं अशा वेळी दुसरं काय म्हणायचं असतं?

"मग मी इथंच बसते." आणि तिनं घमेलं उपडं घातलं, त्याच्यावर फतकल मारली आणि गालाला हात लावून वाट पाहायला लागली. मला एवढं भरून आलं की गोठ्यातल्या शेणामुतातच मी तिचा मुका घेतला. तिनं तो पुसून टाकला, कारण मी मधे आल्यामुळं कपाळ दिसत नव्हतं.

लोक पांगले. घराघरांतून रश्श्याचा वास यायला लागला होता. श्रावण संपलेला, तांडाभर मटण शिजत होतं, आमच्याही चुलीवर. याडी रिकामी फळी उचलून म्हणाली, "काही म्हण, हिऱ्यानं पुरणाची पोळीबी एवढ्या आवडीनं नाही खाल्ली." इतक्या वर्षांत माझ्या केकची तिच्या तोंडून झालेली ही पहिली स्तुती. मी नम्र बैलासारखी मान खाली घातली.

तेवढ्यात बापू हिऱ्याचं पोट चाचपत म्हणाले, "संगीता, ढोराले सोसते ना हे? काय काय असते त्यात?"

"काही नाही, बापू. मैदा, साखर, लोणी, दूध, अंडी..."

बापूंचा हात पोटावरच थांबला.

"किती?"

"बैल मोठा होता ना," मी पुटपुटले. "अंड्यांचा ट्रे होता, तो सगळाच."

याडीनं फळी खाली ठेवली. एकदा चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिलं, एकदा बापूंकडे, भारतकडे, माझ्याकडे, आणि मग बराच वेळ हिऱ्याकडे.

"अख्ख्या घरात तो एकटा माळकरी होता," ती म्हणाली. "त्यालेबी तू बाटवलं."

हिऱ्यापुढं बापूंनी टाकलेली कडब्याची पेंडी तशीच पडली होती. तो मान वळवून, शांतपणे रवंथ करत, आमच्या कोंबड्यांच्या खुराड्याकडे पाहत होता.